शेजारी-शेजारी दोन खाचा

२०२४ साल. शांताराम शहात्तर वर्षांचा होता, मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्या सकाळी मी बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या प्लायवूडच्या दुकानात त्याची वाट बघत उभा होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. आदल्या संध्याकाळी त्याचाच फोन आला होता, "गण्या, उद्या जयेशभाईच्या दुकानावर ये. फळ्या कापून घ्यायच्यात." कसल्या फळ्या, असं विचारलं तर म्हणाला, "ये तर खरा. आत्ताच सांगितलं तर तू यायचा नाहीस." मापं त्यानं आधीच देऊन ठेवली होती, त्यामुळे जयेशभाईनं मशीन चालू केलं. त्या आवाजात माझा फोन वाजलेला मला कळलाच नाही. मशीन थांबलं तेव्हा खिशात वाजतच होता. कुसुमवहिनी, म्हणजे शांतारामच्या मंडळी. "भाऊजी, हे चहा पिता पिता..." एवढंच बोलल्या. मी म्हणालो, "अहो, तो इकडे यायचाय, मी थांबलोय ना इथं." असं मी का बोललो, ते मला अजून कळत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पेपरात लिहिणं हे माझं काम नव्हे. पण शांतारामबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं, म्हणून मीच बसलोय.

आम्ही दोघे खानदेशातले. गावं वेगळी, पण बडोद्याला एकाच कारखान्यात लागलो आणि दोघांनाही पॅकिंग खात्यात टाकलं. तिथं विजेच्या मोटारींसाठी लाकडी खोकी बनवायची. आमच्यात कुणी आकडे लिहीत नसे. मोटार आली की एक दांडी घ्यायची, मोटारीला लावायची, लांबी संपेल तिथं खाच पाडायची, रुंदी संपेल तिथं दुसरी. त्या खाचांवरून फळ्या कापायच्या. प्रत्येक मोटारीची वेगळी दांडी, भिंतीला टांगलेली. यात एकच मेख असते, फळीची जाडी. दोन फळ्यांच्या मध्ये तिसरी बसवायची तर दोन्हींची जाडी सोडून कापावी लागते. मी घाईत हे विसरायचो. मग झाकण तोकडं पडायचं, आणि शांताराम ते डोक्यावर धरून खातंभर फिरायचा, "बघा रे, गण्यानं टोपी शिवली!" सगळे हसायचे, मी तोंड फिरवून बसायचो. मग हा गुपचूप दुसरं झाकण कापून आणून द्यायचा. त्याच्या हातचं झाकण तोकडं पडलेलं मात्र मी नोकरीभर पाहिलं नाही. पाळतीवर होतो, तरी नाही.

रिटायर झाल्यावर तो सुभानपुऱ्यात मुलीजवळ राहायला गेला, मी मकरपुऱ्यातच राहिलो. बायको गेली, मुलगा सुरतेला. शांताराम बसनं यायचा आणि आम्ही संध्याकाळभर माझ्या दारातल्या ओटल्यावर बसायचो... जमिनीवर, मांडी घालून. माझ्या घरात खुर्ची नाही. मुलानं आणलेली मी परत पाठवली. जन्मभर जमिनीवर बसलो, आता काय खुर्चीवर चढून बसायचं? शांतारामच्या घरी हिंचका होता, गुजराती पद्धतीचा झोपाळा. तो म्हणायचा, "गण्या, तुझ्याकडे बसायला मजा येते, उठायला येत नाही." मी म्हणायचो, "तुझा हिंचका तुला लखलाभ. गुडघे दुखत असतील तर येऊ नकोस." तो यायचाच. उठताना मी भिंतीला हात लावायचो आणि तो माझ्या खांद्याला.

शेवटचा आला तेव्हा त्याच्या हातात काठी होती. मला आयतंच सापडलं. "काय शांताराम, झालास ना म्हातारा? काठी धरलीस!" तो चिडला नाही, नुसता हसला. गप्पा मारता मारता काठी माझ्या पायाशी टेकवली, जरा वेळ तशीच धरली, मग बाजूला ठेवली. जाताना म्हणाला, "तुलाही लागेल रे." मी म्हटलं, "माझी मयत निघेल तेव्हा बांबू लागतीलच, दोन." हे आमचं शेवटचं समोरासमोरचं बोलणं. चांगलं काही बोलायला हवं होतं का? कुणाला माहीत होतं...

तेरावं झाल्यावर जयेशभाईनं फळ्या टेम्पोनं माझ्या घरी पाठवल्या. वर शांतारामची ती काठी बांधलेली. हातात घेतली आणि खाचा दिसल्या. काठी नव्हती ती, दांडी होती! वहिनींना फोन केला, त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. "काहीतरी करून ठेवायचं म्हणत होते. भाऊजी, त्यांचं शेवटचं काम, तुम्हीच पुरं करा." मी म्हटलं, "करतो. मला माहीत आहे काय ते." माहीत काहीच नव्हतं, पण तसं कसं म्हणायचं?

चार उभ्या फळ्या सारख्या, दोन चौकोनी, दोन अरुंद पट्ट्या. आता पॅकिंगच्या माणसाला हे काय दिसणार? खोकं! चार बाजू, तळ, झाकण, आणि खाली ठोकायच्या दोन पट्ट्या. मग आत ठेवायचं काय, ते शोधायला दांडी घेऊन सुभानपुऱ्याला गेलो. टीव्हीला लावली, शिलाई मशीनला लावली, गॅसच्या सिलिंडरला लावली. देव्हाऱ्याला लावायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता माझंच माप घ्यायचं राहिलंय, भाऊजी." बऱ्याच दिवसांनी हसल्या. पण बसलं काहीच नाही.

घरी येऊन खोकं उभं करून बघितलं, म्हटलं आकार तरी दिसेल. तर झाकण तोकडं! एका अंगानं बरोबर, दुसऱ्या अंगानं दोन प्लायच्या जाडीएवढं कमी. फळ्या फिरवल्या, उलट्या लावल्या, तेच. पट्ट्याही तेवढ्याच तोकड्या. दांडी उजेडात धरून बघितली. एक खाच लांबवर, आणि दोन अगदी शेजारी-शेजारी, जणू एक चुकली म्हणून दुसरी पाडली. शांतारामनं दांडीवर चुकीची खाच पाडली?

तडक दुकान गाठलं. "जयेशभाई, तू वाकडंतिकडं कापलंस." तो शांतपणे म्हणाला, "काका, दांडी प्रमाणे ज काप्युं छे. माप काकानुं ज हतुं." म्हणजे दांडीबरहुकूमच कापलंय. वर आणखी, "उंमर थई हती ने... भूल थई जाय." वय झालं की चूक होते म्हणे! मी ओरडलो, "शांतारामची भूल होत नाही!" दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. पण रिक्षातून परत येताना जयेशभाईचं बोलणं डोक्यातून जाईना. वहिनी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, मध्ये एकदा तो दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बाहेर पडला होता. म्हणजे त्याचं डोकं चालेनासं झालं होतं की काय? आणि मी त्याला काठीवरून चिडवत बसलो होतो? झोप लागेना, जेवण जाईना. टोपी शिवली म्हणून मी त्याला हसायला पाहिजे होतं, हिशेब फिटला असता. हसू येईना.

परवा वहिनी स्वतः आल्या, काम कुठवर आलं ते बघायला. मी ओटल्यावर फळ्यांच्या पसाऱ्यात बसलेलो. त्या उभ्याच. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं खोकं होईपर्यंत मी अशीच उभी राहू का? मला नाही बसता येत खाली." त्या पुढे म्हणाल्या, "ह्यांचं तरी काय वेगळं होतं? इथून आले की रात्री गुडघ्यांना तेल. म्हणायचे, तो गण्या जन्मात खुर्ची आणायचा नाही. आणली तर परत पाठवील. हातानं केलेलं परत पाठवायला त्याचा जीव होणार नाही."

मी उठायला लागलो. सवयीनं भिंतीला हात लावला, पाय सरळ केला, आणि शेजारी उभी ठेवलेली फळी बघितली. बरोबर माझ्या गुडघ्याला लागत होती. काठी टेकवली होती त्यानं... तिथंच. मग मी दोनच फळ्या उभ्या केल्या, वर एक चौकोन ठेवला, आणि अरुंद पट्टी दोघींच्या मध्ये सरकवली. ती अशी बसली, की हातानं ठोकावी लागली. जाडी सोडली होती त्यानं. दोन्हीकडची. पट्टीत सोडली होती, म्हणून तर दोन खाचा शेजारी-शेजारी, एक चौकोनाची, एक पट्टीची! आणि एवढं होऊन निम्म्या फळ्या उरल्या. मी खोकं कशाचं म्हणून गाव पालथं घातलं, आणि ती दोन स्टुलं होती.

दुसरं कुणासाठी, ते मला नक्की सांगता येत नाही. वहिनी म्हणतात त्याच्यासाठी. पण त्याच्या घरी हिंचका होता, आणि उंचीनं तो माझ्यापेक्षा वरचढ. त्याच्या गुडघ्याला हे माप कमी पडलं असतं का? कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचो तेव्हा गुडघे बरोबरीनं यायचे असं आठवतं, कधी वाटतं नव्हते येत. आता ताडून बघायला त्याचा गुडघा कुठून आणू? की दोन्ही माझ्याच घरासाठी, कुणीही येवो, बसो? त्यानं मला सांगितलं असतं तर मी गेलोच नसतो दुकानात, हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं.

संध्याकाळभर ठोकत बसलो. वहिनींनी खिळे हातात दिले. दोन्ही स्टुलं झाल्यावर त्या एकावर बसल्या आणि म्हणाल्या, "हलत नाही हो." मी बसलो नाही. माझं एक काम राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत मी एक स्टूल रिक्षात घालून जयेशभाईकडे गेलो. जयेशभाईनं शटर वर केलं, मला बघून जरा दचकलाच. मी स्टूल त्याच्या मशीनसमोर मांडलं, दांडी त्याच्या हातात दिली, शेजारी-शेजारी पाडलेल्या दोन खाचांवर त्याचं बोट ठेवलं, आणि भिंतीला हात न लावता स्टुलावर बसलो.