बाबांच्या होडीच्या फळ्या

जुन्या लाकडी होडीच्या पोटावर मिस्त्रींनी नुसती मूठ आपटली, तरी आत काय आहे ते त्यांना कळायचं. टणक आवाज आला की लाकूड धडधाकट, भद्द आला की आत भुसा. मोडीत काढायला आणलेल्या कितीतरी होड्या त्यांनी पुन्हा पाण्यात सोडल्या होत्या. त्यामुळे मिस्त्रींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते ‘कुजलीय’ म्हणाले की मालक दुसऱ्या कुणाला विचारायलाही जात नसे.

त्याच शब्दावर बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एकाला फसवलं होतं, आणि तोही परका नव्हता, सख्खा धाकटा भाऊ होता.

वडिलांनी हौसेनं बांधलेली छोटी शिडाची होडी दोघा भावांच्या वाट्याला आली होती. थोरल्याला ती उलटी करून घासत बसायला आवडे, धाकट्याला हाकायला. वाऱ्याशी त्याचं काहीतरी गूळपीठ असावं असं लोक म्हणत. बाकीच्यांची शिडं लोंबायची तेव्हाही याची होडी चालायची. मग तो मालवाहू जहाजावर दोन वर्षांसाठी नोकरीला गेला. जाताना म्हणाला, “दादा, होडीकडे लक्ष ठेव. आलो की पाण्यात काढतो.”

त्याच वर्षी गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी मिस्त्रींना नवी होडी बांधायला सांगितली. मिस्त्रींचं हे पहिलं मोठं काम. त्यांना लांब, सरळ, मुरलेल्या फळ्या हव्या होत्या आणि वखारीत सगळं ओलं लाकूड. आठवडाभर हात हलवत परत आल्यावर त्यांची नजर आपल्या शेडमागे ठेवलेल्या वडिलांच्या होडीवर गेली. त्यांनी मूठ आपटली. टणक आवाज आला. तरीही त्यांनी फळ्या सुट्या करायला पटाशी उचलली.

भावाचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “तळ पार कुजला होता रे. तोडावी लागली.”

मग धाकट्यानं विचारलं, “तोडताना रडलास का रे?”

“रडलो,” मिस्त्री म्हणाले. त्यावर धाकट्यानंच त्यांची समजूत घातली. खरं तर होडी तोडली त्या दिवशी ते शीळ घालत होते, इतकं देखणं लाकूड निघालं होतं.

धाकटा परत आला. शिडाला त्यानं पुन्हा हात लावला नाही. ट्रक घेतला आणि दुसऱ्यांच्या होड्या वाहायला लागला. दादाची शेड वाटेवरच, त्यामुळे चहाला रोज फेरी. दादानं होडी वाचवायची शिकस्त केली, हे तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा. ते कानावर पडलं की मिस्त्री काहीतरी शोधायच्या निमित्तानं आत जात.

यंदा डॉक्टर गेले, आणि त्यांच्या मुलीनं ती होडी डागडुजीला पाठवली. ती वाहून आणली धाकट्यानंच. हाताशी वेळ होता म्हणून तो रंग खरवडायलाही बसला. तिसऱ्या दिवशी त्याचा हात थांबला.

“दादा, हे बघ.”

रंगाखालून फळीत बसवलेला पतंगाच्या आकाराचा लाकडाचा तुकडा निघाला होता. फळीतली गाठ कोरून काढायची आणि तिथं असा तुकडा बसवायचा, ही वडिलांची पद्धत.

“बाबा असंच करायचे ना?”

“तेव्हा सगळेच करायचे,” मिस्त्री पटकन म्हणाले.

धाकट्यानं मान डोलावली. “पण लाकूड बघ काय आहे. इतकी वर्षं पाण्यात, आणि कुठं डाग नाही.”

दुपारी मिस्त्रींनी ताट तसंच बाजूला सारलं. बायकोनं एकदा ताटाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ती होडी सुटी होताना तिनं पाहिली होती आणि आजवर तोंडातून ब्र काढला नव्हता.

“सांगून टाकू का गं त्याला?”

“सांगा. पण तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून सांगत असाल, तर नका सांगू. तो काय म्हणेल ते ऐकून घ्यायची तयारी असेल तर जा.”

ते उठले. धाकटा अजून खरवडत होता. त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, “बाबांचीच फळी आहे ती. खालच्या सगळ्याच त्यांच्या. होडी कुजली नव्हती. मला लाकूड हवं होतं.”

धाकट्यानं रंग खरवडायची पत्री खाली ठेवली. “आणि रडलो म्हणालास ते?”

“तेही खोटं.”

“मी तुझं सांत्वन केलं होतं रे फोनवर,” एवढंच तो म्हणाला, हात पुसले आणि ट्रक घेऊन गेला.

महिनाभर तो फिरकला नाही. फटींत कापूस भरणं, रंगाचे हात देणं, सगळं मिस्त्रींनी एकट्यानं केलं. काम सुरेख झालं. डॉक्टरांची मुलगी होडी घ्यायला आली तेव्हा ट्रक धाकट्याचाच होता. तिनं परस्पर ठरवला होता. होडी धक्क्यावर उतरली. मुलगी त्याला म्हणाली, “काका, बाबा सांगायचे तुमच्यासारखं शीड कुणाला जमत नाही. एक फेरी मारून आणता?”

धाकट्यानं होडीच्या काठावरून एकदा हात फिरवला.

“आता नाही येत मला,” तो म्हणाला.

दोरी हातात धरून मिस्त्री दोन पावलांवर उभे होते. बावीस वर्षांपूर्वी होडीबरोबर आपण नक्की काय मोडलं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. शेवटी मुलगीच सोबत आलेल्या आपल्या भावाला घेऊन होडीत बसली. शीड भरलं, होडी झुकली आणि छान निघाली. दोघं भाऊ धक्क्यावरून बघत राहिले, मधे पाच-सहा हातांचं अंतर ठेवून.

पुढं धाकटा शेडवर यायला लागला. रोज नाही, काम असेल तेव्हा. चहा घेतो, बाकावर बसतो, माल उतरवून देतो. फक्त दादा म्हणत नाही. “मिस्त्री, ही फळी कुठं ठेवू?” असं गिऱ्हाइकासारखं विचारतो. मिस्त्री जागा दाखवतात आणि फळीचं दुसरं टोक उचलायला पुढं होतात.