दिवसभर एंगेज लागलेला फोन

त्या दिवशी मी फोनला कोणाला हात लावू देणार नव्हते. तसं हात लावायला घरात दुसरं कोणी नव्हतंच. धुळ्यातल्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवत होते, दोन खोल्यांत एकटी राहत होते, आणि एकटी राहते म्हणूनच आबांनी, माझ्या वडिलांनी, हट्टानं फोन घ्यायला लावला होता. पारोळ्याच्या बाजाराला आले की ते एसटीडी बूथवरून फोन करायचे. "जेवनी का?" विचारायचे, मी हो म्हणायचे, की झालं बोलणं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझी पीएचडी यावल-रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यातल्या विहिरींवर होती. उपसा असाच चालू राहिला तर पाणी किती खोल जाईल, हा प्रश्न. विहिरींच्या पातळ्या मी कित्येक उन्हाळे हिंडून मोजल्या होत्या, पण पुढचं गणित कॉलेजच्या कम्प्युटरला झेपणारं नव्हतं. पुण्याच्या एका संस्थेनं तेव्हा नुकतीच सोय केली होती. त्यांच्या मोठ्या मशीनचं इंटरनेटवर एक पान होतं. त्यावर आपले आकडे चढवायचे, बटण दाबायचं आणि धुळ्यात बसून पुण्याचं मशीन चालवायचं. माझ्या गाइडनी खटपट करून मला त्यावर एक दिवस मिळवून दिला होता, संध्याकाळी खातं बंद. सर रिटायर होत होते, माझ्या नोंदणीला मुदतवाढ एकदा मिळून गेली होती, आणि तीही त्याच महिन्यात संपत होती. आज गणित झालं नाही तर पीएचडी गेली.

इंटरनेट तेव्हा फोनच्याच लाइनवरून यायचं. सकाळी त्यासाठी नाशिकचा नंबर लावला. मोडेमनं नेहमीचा गळा काढला, पान उघडलं, आकडे चढले. बटण दाबलं. पानावर ओळ आली की काम चालू आहे, आणि तिच्याखाली, मशीन ज्या वर्षाचं पाणी मोजत होतं ते वर्ष. थोड्या वेळानं पुन्हा पान मागवलं की वर्ष पुढे सरकलेलं दिसायचं.

आता लाइन तुटू द्यायची नाही, एवढंच डोक्यात होतं. कॉलेजात फाइल उतरवताना लाइन गेली की सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. त्यात मी शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे पाण्याची मोटार चालू ठेवून विहिरीवरून कोणी घरी येत नाही. शेत भिजेपर्यंत माणूस तिथंच बसून राहतं. तशी मी बसले. ना अंघोळ ना जेवण. फोनची वायर दाराजवळून टेबलावरच्या कम्प्युटरपर्यंत जमिनीवरूनच ओढून आणली होती. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही मी दारातूनच परत पाठवलं.

दुपारी पान अडकलं. किती तरी वेळ तेच वर्ष. मग सरकलं, पण कूर्मगतीनं, आणि ऊन खिडकीच्या गजांवरून उतरायला लागलं होतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बाईच्या रडण्याचा आवाज आला. हेल काढून, मयताला आलेल्या बायका रडतात तसा. मनात आलं, कोणाच्या घरी झालं काय. आवाज जवळ येत गेला, शेजारची दारं उघडली, आणि शब्द कानावर पडले.

"मनी माय वं, आमले सोडीसन गयी वं..."

ती अक्का होती, आबांची थोरली बहीण. ती मलाच रडत होती.

नंतर नानाकाकांनी सांगितलं ते असं. आबांनी बाजारातून फोन लावला, एंगेज. चहा पिऊन लावला, एंगेज. भाजी घेऊन, मिरच्या घेऊन लावला, तरी एंगेज. आमच्या गावात फोन असा दिवसभर एंगेज लागायचा तो एकाच कारणानं. घरात कोणी गेलं, की साऱ्या सोयऱ्यांना कळवत बसतात. आणि माझ्या घरी तर माझ्याशिवाय कोणी नाही. मग बोलतंय कोण? गल्लीतली माणसं, नाही तर पोलीस. बूथपाशी जमलेल्या चार भाऊबंदांनी मान हलवली, आणि आबांनी जीप ठरवून अक्काला नि नानाकाकांना घेतलं.

अक्का दारातून आत आली, मला खुर्चीत धडधाकट बसलेली बघितलं आणि तशीच धावली. तिचा पाय वायरीत अडकला. वायर सुटली. लाइन तुटली.

राग आला की मी घरच्यांशीही शहरी मराठीत बोलते. "तुम्ही माझा जीव घेतलात," मी ओरडले. "कोणी बोलावलं होतं तुम्हाला?"

अक्काचं रडं थांबलं. नानाकाका दारात टॉवेलनं तोंड पुसत उभे होते. त्यांना अजून उलगडत नव्हतं.

"मंग फोनवर कोन बोली राह्यनं?"

"कम्प्युटर."

"कम्प्युटर बोलस?"

मला हुंदका आवरत नव्हता. कित्येक उन्हाळ्यांची पायपीट एका पायाच्या ठेचेनं गेली होती. नानाकाकांच्या मागून आबा आत आले. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि त्यांनी माझं उजवं मनगट धरलं. मी शाळेत जायला लागल्यापासून त्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. त्यांची बोटं गार पडली होती.

वायर जोडली. नाशिक लागेना. पुन्हा लावलं, पुन्हा. चौथ्या-पाचव्या खेपेला मोडेम किंचाळला, अक्का दचकून मागे सरली आणि पान उघडलं. वर्ष पुढे गेलं होतं. मी सोडलं होतं त्याच्या कितीतरी पुढे. लाइन तुटली, मी रडले, भांडले, त्या साऱ्या वेळात पुण्याचं मशीन आपलं काम करतच होतं. त्याला माझी राखण नकोच होती. मी सकाळपासून फोन अडवून बसले होते ते फुकटच.

संध्याकाळ व्हायच्या जरा आधी पानावर काम पूर्ण झाल्याची ओळ आली. आता खातं बंद व्हायच्या आत पासवर्ड टाकून निकाल उतरवून घ्यायचा होता.

"आबा, हात सोडा ना. माले टाइप करनं शे."

"कर ना," ते म्हणाले. "तू शे ना, मंग बठ्ठं शे."

मी आहे, म्हणजे सगळं आहे. पण हात त्यांनी सोडला नाही. मीही ओढून घेतला नाही. डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत मी पासवर्ड टाकला.