पाचव्या खोलीत गॉर्डन

डोरीन व्हॅन्डेहाय शेबॉयगन शहराच्या गटारखात्यात नोकरीला होती, सत्तावीस वर्षं गटारांत उतरली. शनिवारी दुपारी मात्र ती माझ्या दुकानातल्या मागच्या टेबलावर खेळ चालवते. चार माणसं, कागदावर लिहिलेली पात्रं, वीस बाजूंचा फासा आणि डोरीन सांगेल ते भुयार. असा खेळ ज्यांवरून चालवतात त्या साहसांच्या नव्या पुस्तिका तपासण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही, आणि खेळवून पाहिल्याशिवाय ती परीक्षणाचं एक अक्षर लिहीत नाही. तिने नाक मुरडलं की आमच्या वसंतातल्या खेळांच्या जत्रेत त्या पुस्तिकेला कुत्रं विचारत नाही.

मार्चमध्ये गॉर्डन प्रेलची पुस्तिका आली. शहराखालची गटारं, पाच खोल्या, बारा पानं. त्याचं नाव वाचूनच माझं डोकं तापलं.

दहा वर्षांपूर्वी याच गॉर्डनच्या तळघरात, तो चालवत असलेल्या खेळात, डोरीनची ब्राना मेली. अकरा वर्षं जपलेलं पात्र, एका फाशात गेलं. "अरे, कुणीही शहाणा माणूस इथे वाट देईल," डोरीन म्हणाली होती. "लिहिलंय ते लिहिलंय," गॉर्डन म्हणाला, "गटारवाली गटारात गेली!" सगळे खिदळले. मीही हसलो, त्याची लाज अजून वाटते. त्याच्या टेबलाचा रिवाज असा, की मेलेल्या पात्राचा कागद ज्याचा त्यानेच फाडायचा. डोरीनने फाडला, तुकडे खिशात घातले आणि पुन्हा तिथे पाय ठेवला नाही.

मला वाटलं, आता ती पुस्तिकेची सालटी काढणार. तिने गॉर्डनलाच खेळायला बोलावलं.

तो ऐटीत आला, तळलेल्या चीजचा पुडा घेऊन. "काय बाई, आवडली ना? तुझ्याच खात्यातली आहे!"

"बस. कागद भर," डोरीन म्हणाली.

चार खोल्या मजेत गेल्या. उंदरांचा बाजार तर झकास होता, खोटं कशाला बोलू? पाचवीत मागचं दार बंद झालं आणि पाणी चढू लागलं. सुटकेला एकच चोरदार, ते शोधायला प्रत्येकी एकच फासा, त्यावर पंधराच्या वरचा आकडा पडायला हवा. आम्हा तिघांचे फुकट गेले. गॉर्डनला चार पडले.

"दार डाव्या भिंतीत आहे," तो हसत म्हणाला.

"ते तुला ठाऊक. तुझ्या पात्राला नाही."

"मग अजून एकदा टाकू दे ना."

"कुठे लिहिलंय?" तिने पुस्तिका त्याच्यापुढे सरकवली. "दाखव, लगेच देते."

बेट्याने खरंच पानं चाळली. स्वतःचीच! कान लालबुंद झाले होते.

"अगं, कुणीही शहाणा माणूस इथे वाट देईल!"

डोरीनने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "लिहिलंय ते लिहिलंय."

मग तिने पाणी सावकाश छतापर्यंत चढवलं. गुडघे, छाती, हनुवटी, एकही शब्द पदरचा नाही. शेवटी त्याचा कागद त्याच्या हातात दिला.

"फाड."

त्याने फाडला. या वेळी मी पोटभर हसलो आणि मला कसलीही लाज वाटली नाही.

रविवारी तिचं परीक्षण आलं. चार खोल्यांची तिने भरभरून तारीफ केली होती, उंदरांच्या बाजाराची तर दोनदा. मी ते छापून दुकानाच्या दारावर डकवलं आणि शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारली: 'पाचव्या खोलीतून सुटायला दुसरी वाट हवी. आम्ही खेळलो तेव्हा लेखक तिथेच बुडाला.'