ओरांगउटानचं पुण्यानुमोदन

माझी लेक डॉक्टर व्हावी असं मला वाटायचं. ती निघाली प्राणिसंग्रहालयात ओरांगउटान सांभाळायला. इथं अमेरिकेत, शुगर लँडमधल्या आमच्या लोकांत "मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं की मी घाईघाईनं चहा टाकायला उठायची.

तिच्याकडे एक म्हातारी मादी होती, जवळपास माझ्याच वयाची. बोर्निओच्या जंगलात जन्मलेली. पिल्लू आईला असं बिलगून असतं की ती जिवंत असेपर्यंत सुटतच नाही, म्हणून पिल्लं धरणारे आधी आईलाच मारतात. लेकीनं हे जेवताना सांगितलं आणि घास माझ्या हातातच राहिला. आता तिथं जंगलही नाही म्हणे. जिकडे बघावं तिकडे पामची झाडं, तेलासाठी.

ही मादी रोज संध्याकाळी झोपण्यासाठी अंथरूण रचायची. त्यासाठी लेकीनं जुने कपडे मागितले. मी माझ्या आईची बुद्धवंदनेची पांढरी साडी दिली, धुऊन धुऊन मऊ झालेली. बाईसाहेबांनी ती सरळ डोक्यावरून पदरासारखी घेतली! लेकीनं फोटो पाठवला. मी आधी हसले, मग रडले. खोटं कशाला सांगू, आईच आठवली.

गेल्या हिवाळ्यात ती म्हातारी मादी गेली. लेक घरी येऊन नुसती पडून राहिली, जेवेना. मग एकदा म्हणाली, "आई, आजी गेल्यावर पुण्यानुमोदन केलं होतं ना, सगळे आले होते? तसं हिच्यासाठी करशील? प्लीज."

लोक तोंडात शेण घालणार, हे मला दिसत होतं. तरी फोन केले. एक काका म्हणाले, "अहो, माकडासाठी पुण्यानुमोदन?"

"काका, ती माकड नव्हती. आणि तुम्ही माझ्या मुलीसाठी या."

काका आले. सगळेच आले, पांढऱ्या कपड्यांत. डोक्यावर पदर घेतलेल्या तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. काकांनीच त्रिसरण, पंचशील घेतलं. जीवहिंसा करणार नाही, हे पहिलं शील आम्ही हात जोडून म्हटलं. लेक हमसून हमसून रडली. मला फार बरं वाटलं.

मग चहा. इंडियन स्टोअरमधून आणलेली शेव, चिवडा मी ताटल्यांत काढत होते. लेक मदतीला आत आली. रिकामं पाकीट उचलून तिनं सवयीनं मागची बाजू वाचली.

"आई... पाम ऑइल."

मी ताटली सिंककडे नेऊ लागले. बाहेरून काकांचा आवाज आला, "शेव मस्त आहे हो, अजून आहे का?"

"राहू दे," लेक म्हणाली. "ते आले ना."

तिनं ताटली माझ्या हातातून घेतली, बाहेर नेऊन काकांना वाढली. मग फोटोसमोर गेली, हात जोडले आणि हळूच "सॉरी" म्हणाली.

मलाही म्हणायचं होतं. पण मी दारातच उभी राहिले. माझ्या दोन्ही हातांत चिवड्याच्या ताटल्या होत्या.