मी म्हणालो, "गेला"

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

दिगू आणि मी नगरला कॉलेजात शिकत होतो, एका खोलीवर राहायचो. तो राहात्याकडचा, मी कर्जतचा. दोघांच्याही घरातून कॉलेजची पायरी आधी कुणी चढलेलं नव्हतं. वर्गात आम्हाला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याचा खोकला थांबेना. एका सकाळी रुमालावर रक्त दिसलं. टीबी. वडील येऊन त्याला गावी घेऊन गेले. निघताना म्हणाला, "येतो रं. पत्र टाक." मी दारातूनच हात हलवला — जवळ गेलो नाही. पण सांगायचं ते हे नव्हे.

दुपारी खानावळीतल्या मावशींनी विचारलं, "जोडीदार कुठंय रं तुझा?"

मी म्हणालो, "गेला."

आपल्याकडे निघणारा माणूससुद्धा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मला हे माहीत नव्हतं का? पण शब्द निसटला, खरंच निसटला. मावशींच्या हातातली पळी खाली आली. "आरं देवा! कशानं रं?"

इथे मी थांबू शकलो असतो. मावशी, तसं न्हाई, गावी गेलाय — एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग आजाराचं नाव निघालं असतं. आणि त्याच्याच तांब्यानं पाणी प्यायलेल्या मला उद्या पंगतीत कुणी बसू दिलं असतं का?

"ताप डोक्यात गेला," मी म्हणालो. हा शब्द निसटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्ग दोन मिनिटं उभा राहिला. ज्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. आणि — हे लिहायला फार जड जातंय — मला ते आवडलं.

दिगूला कुणी पत्र लिहिलं नाही. मेलेल्याला कोण लिहिणार? मीही नाही लिहिलं. त्याचं उत्तर आलं असतं, कुणाच्या तरी हाती पडलं असतं.

मधे दोन परीक्षा झाल्या. मग गेल्या महिन्यात, सायबर कॅफेत नव्यानंच उघडलेल्या माझ्या ई-मेलवर त्याचं नाव दिसलं. पत्ता माझ्या चुलतभावाकडून मिळवला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: "वळाखलं का? ठणठणीत बरा झालो. पुण्याला बहिणीकडं हाय, कॉम्प्युटर शिकतोय. लई वाट बघितली राव. एकानं बी पत्र टाकलं न्हाई?"

मला आनंद झाला का? आधी भीती वाटली. आनंद नंतर आला, तोही चोरासारखा. मी उत्तर लिहिलं, "आम्ही सगळ्यांनी पत्रं टाकली होती. तुला मिळाली नाहीत?"

आठवड्यानं त्याचा निरोप आला. फार खुशीत होता. "तरी मी आईला म्हनत हुतो, माझे दोस्त असे न्हाईत!" मग खाली पोस्टमनबद्दल लिहिलं होतं. आजारपणात गावातलं कुणी त्यांच्या उंबऱ्याशी यायचं नाही. हा म्हातारा तेवढा यायचा. पत्र नसलं तरी सायकल लावून ओट्यावर बसायचा, गावभरच्या गमती सांगून त्याला हसवायचा. "आन् पत्रं तोच दाबत हुता! परवा गावी गेल्तो. चार लोकांत चांगला झाडला त्याला. मान खाली घालून सायकल ढकलत गेला."

ते मी कितीदा वाचलं, सांगता येत नाही.

अजून दिगूला काही कळवलेलं नाही. मघाशी कॅफेत बसून एवढंच टाइप केलं — पोस्टमननं पत्रं दाबली नाहीत. ती आम्ही लिहिलीच नव्हती. तू मेलास, असं मी सांगितलं होतं.

आणि मग सगळं पुसून, उठून आलो.