वरच्या मजल्यावरच्यांची बस

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका पायांवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या वाशीत दुसरा नव्हता. ऐंशीनंतरची ती वर्षं. सेक्टर नवे, रस्ते रुंद आणि प्रत्येकाला स्कूटरचे वेध. जिन्यात कुणाची किल्ली खुळखुळली, की हे वरून विचारत, "मार्केटला ना? सातशे चाळीस पावलं आहेत. धूर कशाला करता?" मी मोजली, तर सातशे त्रेपन्न भरली. त्यांना तसं सांगितलं. म्हणाले, "तुमची टांग आखूड आहे."

सोसायटीत पाणी कधी येणार ते लिहायचा एक फळा होता. त्यावर ते चालत जाऊन आलेल्यांची नावं लिहू लागले. नावासाठी माणसं काय करतील सांगता येत नाही. चाळिशीतले गृहस्थही पिशव्या घेऊन पायी निघाले. तळवलीहून आमच्या थांब्यावरून मार्केटला जाणारी एकच बस होती. थांब्यावर सकाळी आम्ही अकराजण असायचो, वर्षभरात तिघं उरलो. कंडक्टर म्हणाला, "महिनाभर बघणार, नायतर गाडी बंद."

हे ऐकून याच बसने येणारी तळवलीची कोळीण मासळीची पाटी घेऊन थेट त्यांच्या दारात उभी राहिली. "बाबा, तुमी समद्यांना चालाया लावलं. आता ही पाटी डोक्यावर घेऊन मी तळवलीशी चालत येऊ? पानी गलतंय मानेवर."

संध्याकाळी त्यांनी फळा पुसला आणि लिहिलं, 'उद्यापासून बस.'

"काय काका, टायर झिजले का?" खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

"एका बसमध्ये पन्नास माणसं, पण धूर एकीचाच. ही बेरीज मला आधी सुचली नाही," ते म्हणाले. चूक एवढी सरळ कबूल करणारा माणूस मी क्वचित पाहिला. महिनाभर ते रोज पहिले थांब्यावर यायचे, घरोघर बेल वाजवून माणसं गोळा करायचे. शेवटच्या आठवड्यात आम्ही एकोणीस झालो. बस राहिली.

पुढे ती इतकी भरू लागली, की एका सोमवारी कंडक्टरने सांगितलं, "आजोबा, एकच जागा हाय." त्यांनी मला पुढे ढकललं आणि खाली उतरले. मागच्या काचेतून मी पाहिलं. गुडघा चोळत, पण हसून, बस वळेपर्यंत ते हात हलवत होते. जागा मिळूनही मला बसवेना.