गिळलेली ओळ

लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा आम्ही नगरकडून कासारवाडीला राहायला आलो. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि माझ्या नवऱ्याला तिथे वायरमनच्या हाताखाली काम लागलं होतं. कासारवाडी तेव्हा खेडंच होतं. एका शेतकऱ्याच्या घराला लागून असलेली खोली आम्हाला भाड्यानं मिळाली. मधली भिंत कुडाची, वर आढ्यापर्यंत न पोचलेली. पलीकडे कोणी खोकललं तरी ऐकू यायचं.

खोली दाखवताना घरमालकीणबाईंनी विचारलं होतं, "देवधर्म काय तुमचा?" मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "तुमच्यासारखाच, मावशी." तेवढ्यावर खोली मिळाली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "असं का सांगितलंत?" ते म्हणाले, "चार ठिकाणी खरं सांगितलं होतं. चारही ठिकाणी खोली नुकतीच दुसऱ्याला दिली होती." आमच्या आजोबांच्या पिढीनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण लोकांना त्याआधीची जातच आधी दिसायची, हे मलाही ठाऊक होतं.

पहिले तीन महिने फार सुखाचे गेले. मावशींनी मला लेकीसारखं वागवलं. अंगणातल्या त्यांच्या विहिरीवर मी पाणी भरायचे. चुलीत फुंकर कशी घालायची इथपासून त्या शिकवत, आणि मीही शिकण्याचं सोंग करायचे, कारण त्यांना शिकवायला आवडायचं. रविवारी आम्ही "नातेवाइकांकडे जातो" असं सांगून सायकलवर डबलसीट खडकीला उपासनेला जायचो.

मावशींचे दीर खडकीला दूध घालायला जात. एका रविवारी त्यांनी आम्हाला चर्चच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी हंडा घेऊन विहिरीवर गेले, तर मावशी कठड्यापाशी उभ्या. दोर त्यांच्या हातात होता. "हितनं पाणी न्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मी विचारलं, "मावशी, मी काय केलं?" "तुमी सांगितलं न्हाई. आमी इटाळलो." आणि दोर गुंडाळून त्या घरात गेल्या.

खोली मात्र त्यांनी सोडायला लावली नाही. त्या दिवसापासून मी पवनेवर जाऊ लागले. नदीच्या वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि उतारावरून पडलेली वाट चढून परत यायचं. दोन खेपा सकाळी, एक संध्याकाळी. मावशींच्या अंगणातूनच ती वाट जायची. त्या समोर असल्या तर मी मान वळवून जायचे.

इतके दिवस ओठांतल्या ओठांत म्हणायचो ती प्रभूची प्रार्थना आता लपवायचं कारण उरलं नव्हतं; रोज दिवेलागणीला आम्ही दोघं गुडघे टेकून ती मोठ्यानं म्हणायचो. लहानपणापासून पाठ असलेली. तोंड आपोआप चालायचं. एका संध्याकाळी मात्र, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची ओळ आली आणि माझं तोंड मिटलं. पुढच्या ओळीला मी पुन्हा आवाज मिळवला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. यांच्या लक्षात आलं असणार, कारण त्या ओळीला त्यांचा एकट्याचाच आवाज उरायचा.

माझे वडील खेड्यापाड्यांतून फिरणारे उपदेशक होते. मला वाटायचं, माझा विश्वास काय, तो वारशानं आलाय. कासारवाडीच्या त्या खोलीत पहिल्यांदा कळलं, की तो मी कधी वापरून पाहिलेलाच नव्हता.

महिना-दीड महिना असा गेला. एकदा पाठ भरून आली म्हणून मी प्रार्थनेला बसलेच नाही. हे एकटेच बसले, आणि मधेच थांबले. मग म्हणाले, "तू ती ओळ म्हणत नाहीस. मी म्हणतो, पण मला कुठे हक्क आहे? मी त्या बाईशी खोटं बोललो. तिच्याशीच नाही, प्रभूलाच नाकारलं मी, एका खोलीसाठी."

मी इतके दिवस फक्त माझ्या डोक्यावरच्या हंड्याचा विचार करत होते. यांच्या मनावर काय आहे ते मी पाहिलंच नव्हतं. मी उठून त्यांच्याजवळ बसले. ठरलं, की सकाळी मावशींशी बोलायचं. हे म्हणाले, "मीच बोलतो." मी म्हटलं, "दोघं जाऊ."

मावशी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. आम्ही अंगणात उभे राहिलो. हे म्हणाले, "मावशी, आम्ही ख्रिस्ती आहोत. खोली घेताना मी खोटं सांगितलं. माझं चुकलं." मावशींनी सुपातून मान वर केली नाही. मग मी बोलले. आदल्या दिवशी ठरवलं नव्हतं, पण बोलले. "खोटं आमचं होतं. पण मला विहिरीवरून हाकललंत, ते तुमचं चुकलं, मावशी. आमच्या हातानं पाणी बाटत नाही. तरी मी ते मनात ठेवणार नाही."

त्यांनी दोन खडे बाजूला टाकले. "व्हय. सांगाया पायजे हुतं," एवढंच म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. मी हंडा उचलून नदीवर गेले. वाटेत रडू आलं, रागही आला. पण त्या संध्याकाळी ती ओळ मी म्हटली. म्हणताना मन स्वच्छ झालं होतं असं नाही. सकाळी तोंडानं शब्द दिला होता, तो पाळायचा म्हणून म्हटली. पुढे कित्येक दिवस मी ती तशीच म्हणत राहिले, रोज नव्यानं. कधी जड जायची, कधी सहज यायची. अंगणातून जाताना मान वळवायचं मात्र मी सोडून दिलं. "येते, मावशी," म्हणायचे. उत्तर यायचं नाही.

मग मला दिवस राहिले. चौथा महिना सरत होता. एका सकाळी भरला हंडा घेऊन चढ चढून आले आणि अंगणात मला घेरी आली. हंडा सावरत मी खाली बसले. मावशी आल्या, हंडा काढून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "कितवा?"

"चौथा."

"आन् येवढं वज्जं उचलतीस?" त्या तरातरा विहिरीकडे गेल्या. मला वाटलं, दोर लपवायला. त्यांनी पोहरा सोडला, पाणी शेंदलं आणि माझ्या दारातल्या घागरीत आणून ओतलं. त्यानंतर रोज आणून ओतत. मी म्हटलं, "मी शेंदते, मावशी." त्या म्हणाल्या, "बाळातपन झाल्याव शेंद. कोन न्हाई म्हनतंय?" त्यांच्या दिरांनी त्यावर आठ दिवस घरात अबोला धरला. ते आमच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत, हेही खरं.

माझ्या कळा दुपारी सुरू झाल्या. हे कारखान्यात. मावशींनी सुईणीला बोलावणं धाडलं आणि स्वतः माझ्या उशाशी बसल्या. मी भ्याले होते. आई नाही, यांचा पत्ता नाही. प्रार्थना करावी म्हटलं तर शब्दच सापडेनात.

मावशी म्हणाल्या, "तुमचं ते सांजचं म्हन की."

मी सुरू केलं. स्वर्गातल्या बापापासून दोन ओळी आल्या आणि कळ आली. ती ओसरल्यावर पुढचं काही आठवेना.

"आता भाकरीचं हाय," मावशी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"रोज ऐकती की कुडाआडनं. मधी तू एक वळ गिळायचीस, तीबी ठाव हाय मला." त्यांनी पदरानं माझं कपाळ पुसलं. "म्हन. रोजची भाकर दे म्हन. मला पुरतं येत न्हाई."

मी म्हटलं. त्या एकेक शब्द मागून पुटपुटत राहिल्या, काही बरोबर, काही चुकीचे. मी दुरुस्त केले नाहीत.

उन्हं कलताना मुलगी झाली. हे सायकलवरून आले तेव्हा मावशी दारात पाणी तापवत होत्या. "लेक झाली," त्या म्हणाल्या, "हातपाय धुवा आदी, मग बघा." हे तसेच उभे राहिले, तेव्हा मावशींनी स्वतःच त्यांच्या हातावर पाणी घातलं.